तिकटीवरचा डहाळा

मनकर्णाला सातवा सरून आठवा लागला, ते निजामी राज्यातलं फसली तेराशे अठ्ठेचाळीस, म्हणजे इसवी एकोणीसशे एकोणचाळीसचं साल. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिची आई धुरपदाबाई तिला आणायला तिच्या सासरी, येलदरीकडं गेली होती, आणि तिकटीवरच्या खोपीत तिचा बाप आश्रुबा चार दिवसांपासून स्वतःच्या हातानं भाकरी थापत होता.

"आजबी करपली जणू," कडूबाई खोपीसमोर टोपली उतरवत म्हणाली. "पार सडकंवर वास यायलाय."

"तुला कोण खा म्हणलंय?"

"खा म्हणलास तरी खायची न्हाई. दात किती ऱ्हायलेत माझे?"

कडूबाई गावोगावच्या बाजारात मणी, सुया, फण्या विकायची. आज वालूरचा बाजार होता. पाणी पिऊन ती उठली, खोपीमागच्या निंबाचा एक डहाळा मोडला, वालूरच्या सडकेच्या तोंडाशी आडवा टाकला आणि त्यावर दगड ठेवला.

"माझी सून मागून यायलीय. पोरगं काखंला हाय, म्हणून सावकाश येती. तिनं इचारलं तरच बोल. न्हाई तर सांगत बसशील तिला पार मुंबईपस्तोरची वाट."

"मुंबईची बी ठावं हाय मला."

"व्हय रं बाबा! गेला व्हतास का कवा?"

"जायला कशाला लागतंय? जाणारा हितूनच जातो की."

हे मात्र खरं होतं. बोरीच्या वर दोन कोसांवर तीन सडका जिथं एकमेकींना भेटायच्या, त्या जागेला सगळा मुलूख तिकटी म्हणायचा. हैद्राबादला जाणारा माणूस इथून परभणीची सडक धरायचा. औरंगाबादला नाहीतर मुंबईला जाणारा वालूरवरून सेलूच्या टेसनाला वळायचा. वऱ्हाडात जाणारा जिंतूरच्या अंगानं वर चढायचा. सरकारनं तिथं एक दगड रोवला होता, त्यावर उर्दू अक्षरं कोरली होती. ती वाचता येणारा माणूस दिवसाकाठी एखादा जायचा. बाकीचे आश्रुबाला विचारायचे.

आश्रुबा सडकेवरचा मैलकुली. तिकटी धरून एक मैल सडक त्याच्याकडं होती. खड्ड्यात मुरूम टाकायचा, कडेचं गवत खुरपायचं, तिकटी झाडून ठेवायची. भावकीच्या वाटणीत त्याच्या वाट्याला पाच एकर खडक आला होता. तो भावालाच देऊन तो इथं आला, त्याला बावीस वर्षं झाली होती. बावीस वर्षांत "मला ठावं न्हाई" हे शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. बाजार कुठला कधी, नदीला उतार कुठं, कुणाचं मढं कुठं गेलं, कुणाचं वऱ्हाड कुठं चाललंय, सगळं त्याला माहीत. कुणी विचारलं की तो आधी हात वर करायचा आणि मग बोलायचा. गाडीवान लांबूनच त्याचा हात बघायचे आणि न थांबता बैल वळवायचे.

आणि विचारायला माणूस नसला तर डहाळा असायचा. पुढं गेलेल्यानं आपण धरलेल्या सडकेच्या तोंडाशी निंबाचा डहाळा टाकायचा, वर दगड ठेवायचा. मागून येणाऱ्याला कळायचं, आपली माणसं इकडं गेली. ज्याची त्याची खूण वेगळी. कुणी डहाळ्याला गाठ मारायचा, कुणी चिंधी बांधायचा. आश्रुबाचा एक नेम होता. तिकटीवरचे लिंबू, नारळ, उताऱ्याचा भात, ज्याला बघून लोक चार हात लांबून जायचे, तेही तो बेलाशक खराट्यानं लोटायचा. पण पाला हिरवा असलेल्या डहाळ्याला हात लावायचा नाही. पाला हिरवा आहे तोवर कुणीतरी मागून यायचंय. वाळला, की मग उचलायचा.

कडूबाई गेली, आणि थोड्याच वेळात बन्सीधर जमादार सायकलवरून धापा टाकत आला. दहा मैलांच्या सगळ्या मैलकुल्यांवर तो होता.

"आश्रुबा, साहेबाची मोटार निघाली सेलूवरून. दुपारपस्तोर तिकटीवर. पहिल्यांदा मुरूम आण. हे खड्डे बघितले तर माझी खाल काढील त्यो."

"मुरूम आणायचा म्हंजी खदानीवर जावं लागतंय. तिकटीवर कोण ऱ्हाईल?"

"तिकटीला काय पाय फुटायलेत? चल, म्या बी येतो. गाडी भर."

खदान सडकेपासून आत, दीड मैलावर, टेकाडाच्या मागं होती. तिथून सडक दिसत नव्हती.

*

त्या सकाळी येलदरीकडं काय झालं, ते आश्रुबाला पुष्कळ दिवसांनी तुकड्यातुकड्यांनी कळलं.

मनकर्णाच्या पायांवर आठ दिवसांपासून सूज होती. पहाटे तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली आणि तिला झटका आला. दातखीळ बसली, अंग ताठ झालं. धुरपदाबाई स्वतः सुईण. शंभरावर बाळंतपणं तिच्या हातून झाली होती. तिनं लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि जावयाला म्हणाली, "सूर्यभान, हे घरी व्हायचं काम न्हाई. दमणी जुंपा."

दमणी म्हणजे हलकी, छताची गाडी. बैल चपळ, पण जागा बेताची. मनकर्णा आडवी झाल्यावर आत एकच बाई मावणार होती.

"म्या बसते," धुरपदाबाई म्हणाली.

"तुमी कशाला?" विहीण बायनाबाई पुढं झाली. "सून आमची हाय. गाव काय म्हनंल? सासू घरी बसली अन् आईला धाडलं?"

"गावाचं काय घेऊन बसलात इहीणबाई. लेकरू बघा माझं."

"लेकरू तुमचं व्हतं, लगीन लावून दिलं तवर. आता बघायला आमी हाव."

भांडत बसायला वेळ नव्हता. धुरपदाबाईनं आपल्या लुगड्याच्या लाल काठाची चिंधी टरकन फाडली आणि सूर्यभानच्या हातात दिली.

"म्या मोठ्या गाडीत मागून येते. जिंतुरात दाखवा. पुढं जायचं म्हणाले तर तिकटीवर मनकर्णाच्या बाला इचारा. सेलूची डाक्टरीण जागंवर हाय का परभणीला गेली, त्यांला ठावं असतंय. अन् जाल तिकडं डहाळा टाका, ही चिंधी बांधून."

जिंतुरात दाखवलं. मोठ्या ठिकाणी न्या, म्हणाले. दमणी दुपारच्या आत तिकटीवर आली. सूर्यभाननं "मामा, मामा" अशा हाका मारल्या. खोपीत भाकरीची टोपली होती, माणूस नव्हतं. आत मनकर्णा कण्हत होती. सूर्यभाननं क्षणभर दोन्ही सडकांकडं पाहिलं, आणि परभणीची धरली. खाली उतरून, डहाळ्याला चिंधी बांधून, दगड ठेवून तो गेला.

*

आश्रुबा मुरूम घेऊन परतला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लग्नसराई होती. सडकांच्या तोंडाशी चार डहाळे पडले होते, दोन सेलूच्या, दोन परभणीच्या.

"हे काय रं, झाडाचा पाला?" बन्सीधर ओरडला. "साहेबाला काय बकऱ्या चारायच्यात? उचल ते!"

"खुणा हायत त्या, जमादार. हिरव्या हायत अजून."

"हिरव्या असोत न्हाई तर पिवळ्या."

"माणसं यायचीत मागून. घटकाभर ठिवू. मोटार दिसली की बाजूला करतो, गेली की परत ठिवतो."

"मोटार काय तुझ्या बैलावानी येतीय? दिसली म्हणजी आलीच." बन्सीधरनं आवाज खाली आणला. "हे बघ आश्रुबा, मागल्या खेपंला त्या साहेबानं कुरुंद्याकडचे दोन मैलकुली घरी धाडले. तुझी लेक बाळंतपणाला यायलीय म्हणतोस. तिला काय, तिकटीवरचा वारा चारणार हाईस?"

आश्रुबानं खाली पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं हिरवा डहाळा उचलला. एक उचलल्यावर बाकीचे उचलायला काही वाटलं नाही. चारही एका कवेत घेऊन त्यानं खोपीमागच्या कचऱ्यावर टाकले. एका डहाळ्याला काहीतरी लाल बांधलेलं त्याला दिसलं, पण तिकडं त्यानं नीट पाहिलं नाही. मग चाकोऱ्या बुजवल्या, मुरूम पसरला, पाणी मारलं. तिकटी अशी झाली, की जणू तिच्यावरून कधी गाडी गेलीच नाही.

मोटार आली. पडदे लावलेले होते. ती थांबली नाही, हळूही झाली नाही. बन्सीधरनं धुळीला सलाम केला.

"बघितलं का त्यांनी?" आश्रुबानं विचारलं.

"झोपला व्हता जणू," म्हणून बन्सीधर सायकलवर बसला.

थोड्या वेळानं कडूबाईची सून काखेला पोरगं घेऊन आली आणि तिकटीवर भांबावून उभी राहिली. आश्रुबानं हात वर केला. "वालूरला गेली तुझी सासू, हिकडं." सून मान हलवून निघाली. आश्रुबाला बरं वाटलं. डहाळा नसला म्हणून काय झालं, आपण आहोत की.

*

दिवस कलायला लागला तेव्हा जिंतूरकडून मोठी गाडी आली. लिंबाजी हाकत होता, तो जावयाकडचा म्हातारा सालगडी. गाडी थांबायच्या आधीच धुरपदाबाई उतरली. तिचा पदर जागेवर नव्हता.

"मनकर्णीची दमणी कोणीकडं गेली?"

आश्रुबा हसतच पुढं आला होता. तो जागच्या जागी थांबला. "कोणती दमणी?"

"असं काय करायलाव! तिला झटके यायलेत. सूर्यभान घेऊन आला न्हवं? तुमाला इचारून पुढं जा म्हणलं व्हतं म्या. डहाळा कुठाय? माझ्या लुगड्याची लाल चिंधी दिली व्हती बांधायला."

लाल. आश्रुबाच्या डोळ्यांपुढं ती कव आली. चार डहाळे, त्यात एक लाल. तो कोणत्या सडकेवरून उचलला होता? त्यानं सेलूच्या सडकेकडं पाहिलं, परभणीच्या सडकेकडं पाहिलं. दोन्हीकडं त्याच्याच हातानं मारलेल्या पाण्याचा ओलावा होता. बाकी काही नव्हतं.

"आवो, बोला की!"

गाडीवरून लिंबाजीही बघत होता. तोही त्याच्या हाताकडं बघत होता. अडल्या वेळी सगळे बघायचे तसे.

आश्रुबाच्या मनात काय काय आलं. पहिला डहाळा उचलला तो सेलूचा. लाल बहुतेक पहिल्यांदाच दिसलं. सेलूला डाक्टरीण आहे, ती बायकांचं बघते, जावई तिकडंच गेला असणार. असं सगळं त्यानं जोडलं. 'मला ठावं न्हाई' हे एवढं एक वाक्य मात्र जिभेवर आलं नाही. त्याची सवयच नव्हती. त्याचा हात वर झाला.

"सेलूकडं गेली."

"बघितली ना तुमी?"

"गेली म्हणलं ना."

धुरपदाबाईनं एकदा परभणीच्या सडकेकडं पाहिलं. का पाहिलं ते आश्रुबाला तेव्हा कळलं नाही. मग ती गाडीत चढली. "लिंबाजी, हाण." गाडी वालूरच्या अंगाला वळली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर तो खोपीमागं गेला. कचऱ्यातून चिंधीचा डहाळा त्यानं शोधून काढला. पाला अजून थोडा हिरवा होता. तो त्यानं हातात धरला, उलटा केला, सुलटा केला. पण जागेवरून उचललेली खूण कुणाला काय सांगणार? सेलूच्या तोंडाशी ठेवली तर ती सेलूची, परभणीच्या तोंडाशी ठेवली तर परभणीची. त्यानं तो डहाळा चिंधीसकट छपराच्या पाचटात खोचून टाकला.

*

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटता परभणीकडून कडब्याच्या गाड्या आल्या. पहिल्या गाडीवानाला आश्रुबानं आडवं होऊन विचारलं.

"दमणी? व्हय की. काल दुपारी बोरीच्या खाली दिसली. बैलांच्या तोंडाला फेस. आत बाई कण्हत व्हती. तुझं कोण?"

खराटा तिथंच टाकून आश्रुबा परभणीच्या सडकेनं निघाला. सेलूकडं धुरपदाबाईच्या मागं जावं की लेकीकडं, हे ठरवायलाही तो थांबला नाही. दहा कोसांची वाट. बोरीपर्यंत तो पळाला, पुढं पाय उचलेल तसा चालला. वाटेत दोघांनी त्याला ओळखलं आणि विचारलं, "आश्रुबा, तू अन् तिकटी सोडून?"

तो दवाखान्याच्या आवारात शिरला तेव्हा बायनाबाई भिंतीला टेकून बसली होती. त्याला बघून तिनं पदर तोंडात कोंबला. सूर्यभान उठून पुढं आला. त्यानं सासऱ्याच्या मागं पाहिलं, फाटकाकडं पाहिलं.

"मामी कुठं हायत?"

आश्रुबाची नजर दवाखान्याच्या दाराकडं गेली.

"बारा वाजता गेली," सूर्यभान म्हणाला. "पोटातलं बी पोटातच गेलं. मधी शुद्धीवर आली व्हती. गाडीचा आवाज आला की म्हणायची, आई आली बघा. म्या म्हणलं, अजून आली न्हाई, वाट चुकली असंल. तर हसली, मामा. म्हणली, माझी आई चुकायची न्हाई. तिकटीवर माझे बा हायत."

आश्रुबा खाली बसला. उन्हानं तापलेल्या फरशीवर तो बराच वेळ बसून राहिला. लोक म्हणाले, म्हातारा चालून दमलाय, पाणी द्या.

धुरपदाबाई तिसऱ्या दिवशी परतली. सेलूत तिनं डाक्टरणीचं दार ठोठावलं होतं, टेसन पालथं घातलं होतं, धर्मशाळेतली एकेक वळकटी उलटून पाहिली होती. तिकटीवर ती उतरली तेव्हा आश्रुबा डोकं भादरून खोपीबाहेर बसला होता. तिनं त्याच्या डोक्याकडं पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही. उंबऱ्याशी बसली आणि एकच विचारलं.

"तुमी दमणी बघितली व्हती का?"

"दुरून," आश्रुबा म्हणाला. "दुरून दिसली. उन्हात नदर चुकली."

ही दुसरी थाप. पहिलीपेक्षा ही जड होती.

*

त्यानंतर नऊ वर्षं गेली. धुरपदाबाईनं सुईणपण सोडलं. बायका बोलवायला आल्या की म्हणायची, "माझा हात चालत न्हाई आता." आश्रुबाचंही काहीतरी बिनसलं होतं. तो वाट सांगायचा, पण हात वर करायचा नाही. गाडीवान लांबून बघत यायचे, आणि म्हातारा हात खाली सोडून उभा दिसला की बैल थांबवून विचारायचे. कडूबाई एकदा म्हणाली, "हात दुखायलाय का रं तुझा? राईचं तेल लाव."

"लावतो," आश्रुबा म्हणाला. तिची त्यानं थट्टा केली नाही, म्हणून कडूबाई जरा वेळ त्याच्याकडं बघत राहिली आणि गेली.

आणि डहाळे. कुणी डहाळा टाकला की तो त्याच्याभोवती चार दगड मांडायचा. बन्सीधर एकदा ओरडला, तर आश्रुबा म्हणाला, "नोकरी घ्या, जमादार. हे न्हाई उचलायचो." बन्सीधरला काय ते कळलं होतं. तो त्याला पुन्हा बोलला नाही.

घरात दोघं एकमेकांशी बोलायची ती भाकरीपुरती, पाण्यापुरती. दर साली पितरांच्या पंधरवड्यात, अविधवा नवमीला, धुरपदाबाई मनकर्णाच्या नावानं पान वाढायची. खरं तर तो मान सासरचा. पण ती वाढायची, आणि पान नेऊन परभणीच्या सडकेच्या कडेला ठेवायची. सेलूच्या कडेला तिनं एकदाही ठेवलं नाही. त्याचा अर्थ आश्रुबानं लावला नाही. लावायचं धाडस त्याला नव्हतं.

निजामाचं राज्य गेलं त्या भादव्यात सडकेवर फौजेच्या गाड्या आल्या. त्याच दिवसांत धुरपदाबाईला हिवताप लागला होता. रिमझिम पाऊस होता. एक गाडी तिकटीवर थांबली. आतल्या शिपायानं डोकं बाहेर काढून विचारलं, "बाबा, परभणी?"

आश्रुबा पुढं झाला. नऊ वर्षांत त्याला रोज कुणी ना कुणी परभणी विचारली होती आणि त्यानं ती तोंडानं सांगितली होती. पण शिपायाची भाषा वेगळी, इंजिनाचा आवाज मोठा, तोंडानं सांगितलेलं पोहोचेना. शिपाई त्याच्या हाताकडं बघत होता. आश्रुबाचा हात वर होईना.

मागून घोंगडं पांघरलेली धुरपदाबाई खोपीच्या दाराशी आली. तिनं हात लांब केला.

"ही. ही परभणीची."

गाडी गेली. ती दाराशीच खाली बसली. आश्रुबानं तिला धरून आत नेलं, निजवलं. बाहेर गाड्यांवर गाड्या जात होत्या. राज्य बदललं म्हणून बोरीकडं लोक फटाके उडवत होते. त्या आवाजात, तिच्याकडं न बघता, आश्रुबा म्हणाला, "धुरपदे, मला ठावं न्हवतं."

"काय?"

"दमणी. म्या बघितलीच न्हवती. खदानीवर व्हतो. डहाळा म्याच उचलला, साहेब येणार म्हणून. तू इचारलंस तवा उगं हात केला."

ती वर छपराकडं बघत होती.

"ठावं हाय मला."

"कवापासून?"

"पाचट बदलायला काढलं त्या साली. चिंधी घावली."

"सात वर्षं झाली त्याला! मंग बोलली का न्हाईस?"

"बोलून काय, दमणी माघारी आली असती?" तिनं कूस बदलली. ती पुन्हा बोलली, तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर आश्रुबाला सोसला असता. "एवढंच व्हतं माझ्या मनात. तुमी ठावं न्हाई म्हणला असतात, तर म्या परभणीलाच गेले असते. सूर्यभानची आत्या परभणीत. त्यो तिकडंच जाणार, हे माझ्या मनानं घेतलं व्हतं. पाय बी तिकडं वळले व्हते. पर तुमचा हात बघितला. म्हणलं, ह्यांचा हात कवा चुकलाय?"

आश्रुबा तिच्या पायथ्याशी बसून राहिला. त्याला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

पुढच्या काही दिवसांत तिचा ताप चढतच गेला. एकदा तिनं उतरंडीतलं खालचं गाडगं काढायला सांगितलं. त्यात डाळीच्या खाली ती चिंधी होती, धुऊन घडी घातलेली. तिनं ती त्याच्या हातात दिली. काय करायचं ते सांगितलं नाही.

*

तिला नेताना तिरडी तिकटीवरूनच गेली. खांदा बदलायला माणसांनी ती विसाव्याला खाली ठेवली. सूर्यभान येलदरीकडून आला होता. आता त्याला दुसरी बायको, दोन लेकरं होती. त्यानं पुढचा खांदा धरला होता.

तिकटीवरून ओढ्याकडं जाणारी एक पायवाट होती. तिला सडक कुणी म्हणत नव्हतं आणि सरकारी दगडावर तिचं नाव नव्हतं. ओढ्याकाठी मढी जाळत. तिरडी उचलून माणसं त्या वाटेला लागली. आश्रुबा मागं राहिला. तो खोपीमागं गेला, निंबाचा डहाळा मोडला, त्याला चिंधी बांधली, आणि पायवाटेच्या तोंडाशी आडवा ठेवून त्यावर दगड ठेवला.

"मामा, हे आता कुणासाठी?" सूर्यभान थांबून म्हणाला.

"पुढं गेलेल्यानं ठिवायचा असतोय," आश्रुबा म्हणाला. "तिला आता ठिवता न्हाई येत, म्हणून म्या ठिवला."

दुसऱ्या दिवशी त्यानं तिकटी झाडली. लिंबू, राख, गाड्यांखाली चिरडलेलं गवत, सगळं लोटलं. डहाळ्याभोवतीनं खराटा फिरवून घेतला.

धुरपदाबाई सन एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या भादव्यात, अविधवा नवमीच्या आदल्या दिवशी, सकाळी मेली. तिची एकुलती लेक मनकर्णा तिच्याआधी नऊ वर्षं, वैशाखात, परभणीला मेली होती. आश्रुबा त्यानंतरच्या संक्रांतीला गेला. त्याला त्याच पायवाटेनं नेलं.